बायकांच्या गटाची रेघ कोण मारतं आणि कुठे मारतं

शाळेत असताना तालुका स्पर्धेत मी १४ वर्षांखालच्या गटात ८०० मीटर धावायचो. एका वर्षी आमच्या हीटमध्ये एक पोरगा आला, त्याला मिसरूड वगैरे नाही, चांगली मिशी होती, आवाज आमच्या पीटीच्या सरांपेक्षा जाड. त्याने आम्हाला अर्ध्या ग्राउंडाने मागे टाकलं. सरांनी जाऊन त्याचा दाखला मागितला, तर दाखल्यावर वय १३ वर्षं ७ महिने. सर एकदा दाखल्याकडे बघायचे, एकदा त्या पोराकडे, परत दाखल्याकडे. शेवटी "चला रे, पाणी प्या" म्हणून आम्हाला घेऊन गेले.

त्या दिवशी आमची चिडचिड झाली ती हरलो म्हणून नाही, हरायची तर सवयच होती. चिडचिड झाली कारण गट ठेवलाच होता आमच्यासारख्यांसाठी, आणि त्यात भलताच कोणीतरी घुसला होता. खेळातले गट म्हणजे हेच की. कुस्तीत वजनाचे गट असतात कारण ५७ किलोचा पैलवान कितीही चपळ असला तरी ९७ किलोवाल्यासमोर त्याचं काय चालणार. पण एकदा गट पाडला की गटाच्या आत मात्र निसर्गाने दिलेलं सगळं चालतं. ५७ किलोत एखाद्याची पकड जन्मजात लोखंडासारखी असेल तर त्याला कोणी बाहेर काढत नाही, उलट वस्तादच म्हणतात पोरगं चीज आहे.

हे डोक्यात ठेवा, कारण बायकांच्या स्पर्धेत कोणाला घ्यायचं या वादात अर्धा गोंधळ इथेच होतो. कोणी म्हणतं मायकेल फेल्प्सचे हात जन्मजात लांब होते, त्याला कुठे बाहेर काढलं? बरोबर आहे, नाही काढलं. कारण पोहण्यात "आखूड हातवाले" असा गट नाहीये. पण "महिला" असा गट आहे, आणि तो मुळात एका ठरावीक फायद्याला बाजूला ठेवायला केलाय. तो फायदा कोणता ते आधी बघू.

१०० मीटरचा पुरुषांचा विक्रम ९.५८ सेकंद, उसेन बोल्टचा. बायकांचा १०.४९, फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनरचा. आकडे जवळचे वाटतात पण धावण्यात हा साडेनऊ टक्के फरक म्हणजे मोठी दरी आहे. ८०० मीटरला पुरुषांचा १ मिनिट ४०.९१, बायकांचा १ मिनिट ५३.२८, म्हणजे फरक १२ टक्क्यांवर गेला. लांब उडीत ८.९५ मीटर विरुद्ध ७.५२. गट वेगळे नसते तर ऑलिम्पिकच्या शंभर मीटरच्या फायनलला एकही बाई दिसली नसती, हे कडू आहे पण खरं आहे.

आणि हा फरक लहानपणी जवळजवळ नसतो. १० वर्षांच्या मुली मुलांच्या बरोबरीने पळतात, कधी पुढेही असतात, कुठल्याही शाळेच्या ग्राउंडवर बघा. वयात येताना मुलांच्या वृषणांमधून टेस्टोस्टेरॉन धो धो सुटायला लागतं आणि त्याने उंची वाढते, हाडं जाड होतात, स्नायू भरतात, हृदय आणि फुप्फुसं मोठी होतात, रक्तात हिमोग्लोबिन वाढतं. टेस्टोस्टेरॉन बायकांच्या अंगातही असतंच, पण कमी. मोजायचं एकक आहे नॅनोमोल प्रति लिटर, त्यात साधारण बाईचं प्रमाण पावणेदोनच्या आत असतं आणि पुरुषाचं साडेसात-आठपासून पार २९ पर्यंत. मधे मोकळी जागा आहे बघा, दोघांचे आकडे एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून नियम करणाऱ्यांना वाटलं की चला, इथेच रेघ मारू.

पण निसर्गाने काही सरकारी फॉर्म भरलेला नसतो ना, की दोनच चौकोन आणि एकात टिक करा.

पोटातल्या बाळात पहिले सहा-सात आठवडे मुलगा मुलगी असं काही वेगळं दिसत नाही. ज्याच्याकडे वाय क्रोमोसोम असतो त्यात एसआरवाय नावाचा एक जीन असतो, तो एकदा चालू झाला की वृषणं तयार होतात, मग वृषणं टेस्टोस्टेरॉन तयार करतात, मग ते टेस्टोस्टेरॉन शरीरातल्या पेशींना जाऊन सांगतं की बाबांनो मुलाचं शरीर घडवा. अशी ही साखळी आहे आणि साखळीतली कुठलीही कडी निसटू शकते. काही जणींमध्ये वाय आहे, वृषणं आहेत (पोटातच), टेस्टोस्टेरॉनही भरपूर आहे, पण पेशींवरचं कुलूपच बिघडलंय त्यामुळे ही किल्ली लागतच नाही. ती बाळं दिसायला मुलगीच, वयात आल्यावर छाती येते, फक्त पाळी येत नाही, आणि टेस्टोस्टेरॉनचा त्यांना खेळात फायदा शून्य. दुसऱ्या एका प्रकारात कुलूप ठीक असतं, पण टेस्टोस्टेरॉनपासून जे एक जास्त जोरकस हार्मोन बनतं ते नीट बनत नाही, आणि बाहेरचे अवयव घडवायला पोटात तेच लागतं. त्यामुळे जन्मताना सुईण सांगते मुलगी झाली, नाव ठेवलं जातं, फ्रॉक घातला जातो, आणि १३-१४ व्या वर्षी आवाज फुटतो, खांदे रुंद होतात. इथे फायदा मिळतो, बऱ्यापैकी मिळतो. या सगळ्या प्रकारांना मिळून डॉक्टर डीएसडी म्हणतात.

आता लक्षात घ्या की ट्रान्स बाई ही वेगळी गोष्ट आहे. ती मुलगा म्हणून वाढलेली असते आणि नंतर बाई म्हणून जगायला लागते. डीएसडीवाली मुलगी पहिल्या दिवसापासून मुलगीच म्हणून वाढलेली असते, आणि बहुतेक वेळा तिला स्वतःलाच आत काय आहे ते माहीत नसतं. व्हॉट्सअपवर या दोन्ही गोष्टींची मिसळ करून वर शेव टाकून वाढतात आणि मग भांडण पेटतं.

आपल्याकडची शांती सौंदरराजन आठवते का? तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या खेड्यातली, आईबाप वीटभट्टीवर. २००६ च्या दोहा एशियन गेम्समध्ये ८०० मीटरला सिल्व्हर मिळवलं. त्यानंतर तिची तपासणी झाली, आणि काही दिवसांत देशभरच्या टीव्हीवर बातमी की ही लिंगचाचणीत नापास, पदक काढून घेतलं. कुठली परीक्षा, कुठला विषय, कशात नापास? अंगात काय आहे ते डॉक्टरने समोर बसवून समजावायचं सोडून बाईच्या शरीराची चर्चा चहाच्या टपरीवर सुरू झाली. तमिळनाडू सरकारने तेव्हा तिला १५ लाखांचं बक्षीस दिलं आणि एक टीव्ही दिला, तेवढं तरी झालं म्हणायचं. पण खेळ संपला, तिने जीव द्यायचा प्रयत्न केला, पुढे वीटभट्टीवर काम करावं लागलं, खूप नंतर कोच म्हणून नोकरी लागली. ते पदक तिला आजही परत मिळालेलं नाही.

असल्या तपासण्यांचा इतिहास वाचला ना तर जेवण जात नाही. १९६६ मध्ये युरोपियन चॅम्पियनशिपला बुडापेस्टमध्ये खेळाडू बायकांना डॉक्टरांच्या पॅनेलसमोर कपडे काढून उभं केलं होतं. ते फारच लाजिरवाणं झालं म्हणून क्रोमोसोमची टेस्ट आणली. १९६७ मध्ये पोलंडची एव्हा क्लोबुकोव्स्का तिच्यात अडकली, बंदी आली, आणि पुढच्याच वर्षी तिला मुलगा झाला! म्हणजे बाई नाही म्हणून बाहेर काढलेली बाई बाळंत झाली. १९८५ ला स्पेनची हर्डल्सवाली मारिया होसे मार्तिनेझ पातिन्यो अडकली, तिचं ते बिघडलेलं कुलूप, फायदा काडीचा नाही. तिला सांगितलं की दुखापत झाल्याचं नाटक कर आणि गपचूप बाजूला हो. ती पुढच्या वर्षी पुन्हा धावली, रिपोर्ट पेपरात फुटला, तिचे विक्रम पुसले, स्कॉलरशिप गेली, ज्याच्याशी लग्न ठरलेलं तो सोडून गेला. ती तीन वर्षं भांडली आणि १९८८ मध्ये तिला परत घेतलं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ३३८७ बायकांची टेस्ट केली, ८ जणींमध्ये वायचा जीन सापडला, आणि आठही जणींना खेळू दिलं. मग टेस्ट कशाला केली? हाच प्रश्न बहुतेक त्यांनाही पडला असावा, कारण १९९९ मध्ये ऑलिम्पिकवाल्यांनी सरसकट टेस्ट बंदच केली. त्यानंतर कोणावर संशय आला तर तेवढ्यापुरती तपासणी, आणि हे तर आणखी वाईट, कारण संशय येणार कोणावर? जिला छाती कमी, जिचा आवाज घोगरा, जी काळी, जी दणकट.

धावपटू द्युती चंदवर असाच संशय आला. ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातलं गोपालपूर, घरी विणकाम, भावंडं ढीगभर. २०१४ च्या जूनमध्ये तैपेईला ज्युनियर एशियनमध्ये दोन गोल्ड घेऊन आली, वय १८. त्यानंतर दिल्लीत बोलावून तपासण्या केल्या, तिच्या सांगण्याप्रमाणे नेहमीची तपासणी आहे असंच तिला वाटलं होतं. आणि ग्लासगो कॉमनवेल्थच्या तोंडावर तिला टीममधून काढलं, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे टेस्टोस्टेरॉनची मर्यादा होती १० नॅनोमोल. तिला खेळायचं असेल तर दोन पर्याय: औषधं घेऊन हार्मोन खाली आण, नाहीतर ऑपरेशन. ठणठणीत बरी असलेल्या पोरीला सांगायचं की तुझ्या अंगातली एक गोष्ट काढून टाक, आजार नाहीये पण नियम आहे.

हे ऑपरेशन म्हणजे नुसती भीती दाखवायची गोष्ट नव्हती बरं का. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये स्वतःच छापलं होतं की विकसनशील देशांतल्या, १८ ते २१ वयाच्या चार खेळाडू मुलींची ऑपरेशनं केली, आणि त्यात खेळाशी काही संबंध नसलेला, बाहेरच्या अवयवाचा भागही कापला. युगांडाची अ‍ॅनेट नेगेसा २०१२ मध्ये अशाच ऑपरेशनमधून गेली आणि तिची करिअर तिथेच संपली.

द्युती मात्र नाही म्हणाली. मी जशी आहे तशीच धावणार. पयोष्णी मित्रा या अभ्यासक तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या, कॅनडाचे वकील मिळाले आणि केस स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात गेली. जुलै २०१५ मध्ये निकाल आला आणि तो फार मजेशीर आहे. लवादाने असं नाही म्हटलं की टेस्टोस्टेरॉनने फायदा होत नाही. ते म्हणाले, स्त्री-पुरुषांत १०-१२ टक्के फरक आहे हे मान्य, पण नैसर्गिकरीत्या जास्त टेस्टोस्टेरॉन असलेल्या बाईला त्याच्या जवळपास जाणारा फायदा होतो हे तुम्ही सिद्ध करा. थोडासाच असेल तर तेवढा फायदा चांगला खुराक आणि चांगला कोच मिळाला तरी होतो, त्यासाठी कोणाला बाहेर काढता येणार नाही. दोन वर्षं देतो, पुरावा आणा, तोवर नियम बंद.

द्युती २०१६ ला रिओला गेली. बायकांच्या १०० मीटरला भारताकडून १९८० च्या पी. टी. उषानंतर ३६ वर्षांनी कोणीतरी उतरलं होतं. ११.६९ सेकंद, हीटमध्ये सातवी, बाहेर. ज्या पोरीचा "पुरुषी फायदा" जगाला धोकादायक वाटत होता ती पहिल्याच फेरीत घरी आली. (पुढे २०२३ मध्ये ती डोपिंगमध्ये अडकली आणि चार वर्षांची बंदी आली, तो वेगळा विषय आहे, तिथे तिची बाजू घ्यायचं काही कारण नाही. पण दोन्ही गोष्टी एकत्र करून "बघा आम्ही म्हणत होतो" म्हणणारे भेटतात म्हणून लिहिलं.)

एका द्युतीवरून मात्र सगळं ठरवू नका, कारण त्याच रिओमध्ये ८०० मीटरची फायनल पण झाली. पहिली दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या, दुसरी बुरुंडीची निओन्साबा, तिसरी केनियाची वाम्बुई. पुढे नियम आले तेव्हा तिघींचंही ८०० बंद झालं. आता चौथी आलेल्या कॅनडाच्या मेलिसा बिशपच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तिने काही चूक केलेली नाही, आयुष्यभर घाम गाळला आणि पदक हुकलं. तिला वाईट वाटलं तर ती दुष्ट आहे का? मला नाही वाटत. आणि सेमेन्याने तरी काय चूक केली? तीही मुलगी म्हणूनच वाढली, २००९ ला १८ व्या वर्षी बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, त्या दिवसापासून जगाने तिच्या अंगाकडे बोट दाखवलं. दोघीही खऱ्या आहेत, आणि म्हणूनच हा प्रश्न इतका चिवट आहे.

अ‍ॅथलेटिक्सची जागतिक संघटना २०१७ मध्ये स्वतःचा अभ्यास घेऊन आली आणि २०१८ मध्ये नवा नियम केला: मर्यादा ५ नॅनोमोल, पण फक्त ४०० मीटर ते एक मैल. द्युती सुटली, सेमेन्या अडकली. गंमत बघा, त्यांच्याच अभ्यासात हातोडाफेक आणि पोल व्हॉल्टमध्येही फरक दिसला होता, ते दोन्ही नियमात घेतलेच नाहीत, आणि १५०० मीटर मात्र घेतलं. २०२१ मध्ये त्यांनी दुरुस्ती छापली की त्या अभ्यासातून कारण-परिणाम सिद्ध होत नाही. तोवर सेमेन्या २०१९ मध्ये लवादात दोन विरुद्ध एक अशी हरली होती. लवादाने लिहिलं की हा नियम भेदभाव करणाराच आहे, पण महिला गट राखायला आवश्यक आहे. युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने जुलै २०२५ मध्ये तिच्या बाजूने एवढंच सांगितलं की लवादाच्या निकालावर ती ज्या स्विस कोर्टात गेली, त्याने तिचं म्हणणं नीट तपासून ऐकलं नाही. नियम बरोबर की चूक त्यावर मात्र काही बोलले नाहीत. सात वर्षं कोर्टकचेरी आणि हाती निकालपत्राची झेरॉक्स.

ट्रान्स बायकांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथलं विज्ञान त्यामानाने सरळ आहे. पुरुषी वयात येणं होऊन गेलं असेल आणि नंतर औषधांनी टेस्टोस्टेरॉन खाली आणलं तर हिमोग्लोबिन काही महिन्यांत उतरतं, स्नायूंची ताकद वर्षभरात थोडीच उतरते, उंची आणि हाडं तर उतरतच नाहीत. म्हणून पोहण्याच्या संघटनेने २०२२ मध्ये आणि अ‍ॅथलेटिक्सने मार्च २०२३ मध्ये अशा खेळाडूंना महिला गट बंद केला, त्याच वेळी डीएसडीवाल्यांची मर्यादा अडीच नॅनोमोलवर आणून सगळ्या स्पर्धाप्रकारांना लावली. मला स्वतःला ट्रान्स बायकांबद्दलचा हा निर्णय एलिट पातळीवर पटतो. शाळा-कॉलेजच्या किंवा सोसायटीच्या स्पर्धेलाही तोच लावा म्हणणारे पटत नाहीत, तिथे कोणाचं ऑलिम्पिक अडलंय. बाकी महिला खेळ ट्रान्स खेळाडूंनी भरून गेलेत असं जे चित्र रंगवतात ते काही खरं नाही. टोकियोला वेटलिफ्टिंगमध्ये न्यूझीलंडची लॉरेल हबर्ड उतरली तेव्हा जगभर गदारोळ, आणि तिचा एकही लिफ्ट यशस्वी झाला नाही.

आणि पॅरिस ऑलिम्पिकची ती बॉक्सर, अल्जेरियाची इमान खलीफ, जिच्यासमोर इटलीची कारिनी ४६ सेकंदांत थांबली. ती ट्रान्स नाही. मुलगी म्हणून जन्मली, वाढली, पासपोर्टवर तेच. २०२३ ला आपल्या दिल्लीतच वर्ल्ड चॅम्पियनशिप होती, तिथून तिला आणि तैवानच्या लिन यू-टिंगला स्पर्धा चालू असतानाच काढलं, आणि काढणारी संघटना तीच जिचं ऑलिम्पिकवाल्यांशी हाडवैर. ऑलिम्पिकने पासपोर्ट बघून आत घेतलं. दोन संघटनांच्या भांडणात दोन पोरींचं नाव जगभर झालं आणि दोघींनी गोल्ड जिंकलं.

आता ताजी परिस्थिती. सप्टेंबर २०२५ पासून अ‍ॅथलेटिक्समध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपसारख्या स्पर्धेत महिला गटात उतरायचं असेल तर एसआरवाय जीनची टेस्ट करावी लागते, आयुष्यात एकदा. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची किंवा रक्त द्यायचं. बॉक्सिंगनेही असंच आणलंय. म्हणजे १९९९ ला बंद केलेली गाडी फिरून त्याच स्टँडवर आली. चांगली बाजू अशी की सगळ्यांची टेस्ट होते, जिचा चेहरा आवडला नाही तिची एकटीची नाही, आणि ऑपरेशन करा असं कोणी म्हणत नाही. वाईट बाजू त्या जीनचा शोध लावणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच सांगितली: हा जीन आहे की नाही एवढंच टेस्ट सांगते, तो काम करतोय का, टेस्टोस्टेरॉन बनतंय का, बनलं तर शरीर ते वापरतंय का, हे सांगत नाही. बिघडलेल्या कुलपाच्या मुलींना नियमात सूट आहे, पण त्यासाठी पुढच्या तपासण्या, तज्ज्ञ डॉक्टर, कागदपत्रं लागतात. युरोपातल्या पोरीला ते जमेल. वीटभट्टीवरच्या पोरीला कोण नेणार?

विनेश फोगाट पॅरिसला १०० ग्रॅमसाठी बाहेर गेली तेव्हा सगळे रडलो, पण काटा सगळ्यांसमोर होता, आकडा तिला आदल्या रात्रीच माहीत होता आणि ती रात्रभर त्याच्याशी झटत होती. माझ्या त्या मिशीवाल्या पोरालाही आपलं खरं वय पक्कं माहीत होतं, दाखला देताना तो सरांच्या डोळ्यात बघत नव्हता. गालातली काडी मात्र अशा मुलीकडे जाते जिला काहीच माहीत नाही, १७-१८ वर्षांची, कॅम्पला आलेली, सकाळचं वॉर्मअप करून रांगेत उभी. तिचा रिपोर्ट आला तर तो आधी कोण उघडणार, फेडरेशनचा माणूस, कोच की ती स्वतः, आणि तिच्या शेजारी तेव्हा कोण बसलेलं असणार, याची सोय आपल्या राज्य आणि जिल्हा पातळीवरच्या खेळाडूंसाठी कोणी केलीये का हे मला कोणीतरी दाखवावं. पातिन्योला चाळीस वर्षांपूर्वी नाटक करायला सांगितलं होतं. शांतीला स्वतःबद्दल टीव्हीवरून कळलं.